वाळू कुणाला वाट देते? जैसलमेरभोवतीचे मोटारसायकलचे रस्ते

राजस्थानातल्या लढायांवर बोलताना मी एकदा सहज म्हणून गेलो की जैसलमेरचा इतिहास मोटारसायकलवरून वाचावा. तेव्हापासून इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा सगळीकडून एकच विचारणा होतेय, "सर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असे रस्ते सांगा." तेच आज सांगतो. फक्त एक आधीच कबूल करून घेतो. ही इतिहासाची मालिका आहे, हॉटेलांची आणि ढाब्यांची यादी माझ्याकडून मिळायची नाही.

मोटारसायकलच का? कारण मोटारीत बसलेल्या माणसाला पायाखालची जमीन कळत नाही. काचा वर, गाणी चालू, आणि बाहेर सगळं एकसारखं पिवळं. दुचाकीवर मात्र डांबर संपून वाळू लागली की हँडल तुमच्याशी बोलायला लागतं. पुढचं चाक आपल्या मर्जीने कुठेतरी जाऊ पाहतं, घाबरून पुढचा ब्रेक दाबला की माणूस आडवा. या मुलखात गेली आठशे-नऊशे वर्षं कोण आलं, कोण टिकलं आणि कोण फसलं, याचा बराचसा उलगडा त्या एका चाकात होतो. इथे दोनच प्रश्न असतात : पाणी कुठे आहे, आणि जमीन चाकाला किंवा पायाला धरते का?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. जैसलमेर जिल्हा अडतीस हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे, म्हणजे जवळजवळ केरळएवढा, आणि वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. पण शहरात पोचल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की जैसलमेर वाळूत नाही, खडकावर आहे. शहराभोवती मैलोन्‌मैल सपाट, दगडगोट्यांचं माळरान. आपण चित्रांत बघतो त्या टेकड्या सम किंवा खुहडीकडे, चाळीसेक किलोमीटरवर. पर्यटक तिकडेच धावतात. मी तुम्हाला आधी उलट दिशेला पाठवतो.

वायव्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर लोदुर्वा. भाटी राजपुतांची ही जुनी राजधानी. काक नावाच्या नदीकाठी वसलेली होती. ती नदी आज कोरडी आहे, सांगितल्याशिवाय ओळखूही येत नाही. सपाटीवरचं गाव, सिंधकडून येणारा व्यापारी मार्ग दारातून जाणारा. व्यापारी आले त्याच वाटेने हल्लेखोरही आले. ११५६ मध्ये रावळ जैसलने राजधानी उचलून त्रिकुट टेकडीवर नेली आणि किल्ला बांधायला घेतला. लष्करी नजरेने पाहिलं तर निर्णय अचूक : उंची मिळाली, खाली उघडं मैदान मिळालं, आणि पाण्यासाठी पुढच्या काळात गडीसर तलाव झाला. लोदुर्व्यात आज पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे, थारू शाह नावाच्या श्रेष्ठीने सतराव्या शतकात पुन्हा उभं केलेलं. राजधानी गेली तरी सावकार देवळापुरते मागे वळून आले, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. तासाभरात बघून होतं. लोदुर्व्याच्या वाटेवरून मागे वळून किल्ला बघा. सकाळच्या उन्हात तो पूर्ण दिसतो आणि जैसलने जागा का बदलली ते शब्दांशिवाय कळतं.

दुसरा रस्ता नैर्ऋत्येचा, कुलधरा आणि पुढे खाभा. हे गाव आता भुतांसाठी प्रसिद्ध आहे. वाटाड्या तुम्हाला गोष्ट सांगेल : जैसलमेरच्या सालिमसिंह दिवाणाची नजर मुखियाच्या मुलीवर पडली, पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठून गेली आणि जाताना शाप देऊन गेली. ऐकायला झकास. पण मी आयुष्यभर माणसं आणि सामान हलवण्याचे हिशेब केलेत. एक पलटण हलवायची तर आठवडाभर आधी याद्या सुरू होतात. चौऱ्याऐंशी गावांची म्हातारीकोतारी, गुरं, धान्य, भांडीकुंडी एका रात्रीत वाळवंटात निघून गेली आणि दिवाणाच्या एकाही शिपायाला पत्ता लागला नाही, हे माझ्या गळी उतरत नाही.

सालिमसिंह मात्र खरा. १८१८ मध्ये जैसलमेरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला त्या काळात राज्याचा कारभार त्याच्याच हाती होता. कर्नल जेम्स टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात त्याच्याबद्दल आणि पालीवालांबद्दल लिहिलंय, आणि त्यात पालीवाल देशोधडीला लागण्याचं कारण आहे ते या दिवाणाची पिळवणूक. पाणी आटत गेलं असं काही अभ्यासक म्हणतात, काही भूशास्त्रज्ञांनी भूकंपाची शक्यता मांडलीय. मला यातलं पाणी आणि कर एकत्र धरणं पटतं. विहीर खाली जातेय आणि वसुली वर जातेय, अशा कात्रीत सापडलेला शेतकरी काय करतो हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

भुतं शोधण्यापेक्षा कुलधऱ्याच्या आसपास खडीन शोधा. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खोलगट जमिनीत अडवायचं, त्यासाठी खालच्या बाजूला लांबलचक मातीचा बांध घालायचा. पावसाळाभर पाणी उभं राहतं, जमिनीत मुरतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाफसा आला की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. एकही पाणी द्यायला लागत नाही. दोनशे मिलिमीटर पावसात गहू! पालीवालांचा हा खरा पराक्रम. आणि असल्या खडकाळ भूमीवरच तो शक्य होता, कारण वाळूवर पडलेलं पाणी वाहत नाही, तिथल्या तिथे गडप होतं. त्यांनी गावं वसवली ती ही जमीन ओळखून. खाभ्याच्या पडक्या गढीवरून खाली पाहिलं की गावाचे सरळ रस्ते आणि छप्पर गेलेल्या भिंती ओळीने दिसतात. गंमत म्हणजे यातले काही खडीन इतरांनी पुढे चालू ठेवले आणि त्यांत आजही पीक येतं. शापाला त्याची कल्पना नसावी.

मोहनगडकडे जाणारा तिसरा रस्ता थोडक्यात सांगतो, कारण त्याचा इतिहास ताजा आहे. पंजाबातल्या हरिकेपासून निघणारा इंदिरा गांधी कालवा साडेसहाशे किलोमीटर चालून इथे संपतो. वाळवंटात अचानक हिरवळ, मोहरी, आणि कालव्याच्या काठाने चालवायला सुरेख रस्ता. पाण्याने खूप दिलं, काही भागांत जमिनी चिबाडही केल्या. याच टापूत आणि शहराच्या आजूबाजूला पवनचक्क्यांचं रान आहे, त्यातल्या बऱ्याच पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉनने उभ्या केलेल्या. त्यांच्या विजेच्या तारांवर आपटून माळढोक मरतात. सोलापूरकडे नान्नजला आपण जो पक्षी जवळजवळ गमावला, त्याचा शेवटचा मोठा आसरा हा जिल्हा आहे. मला पवनचक्क्या नकोत असं नाही, पण तारा जमिनीखालून नेण्यावर इतकी वर्षं वाद घालावा लागतो याचा राग येतो.

आता ज्याच्यासाठी तुम्ही थांबला आहात तो रस्ता. जैसलमेर, रामगड, लोंगेवाला, तनोट आणि परत रामगडमार्गे शहर. सगळं मिळून पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. पहाटे निघा, रामगडला टाकी भरून घ्या, पाणी माणशी चार लिटर ठेवा. रामगडपर्यंत माळरान, त्यापुढे दोन्ही बाजूंनी वाळू जवळ येत जाते. एका ठिकाणी थांबा. इंजिन बंद करा आणि डांबरावरून खाली उतरून पन्नास पावलं चाला. बूट किती खोल जातो बघा. हे केल्याशिवाय लोंगेवाला कळत नाही.

४ डिसेंबर १९७१ ची रात्र. दोनच दिवसांपूर्वी पौर्णिमा झालेली, म्हणजे टिपूर चांदणं. लोंगेवालाच्या ठाण्यावर २३ पंजाबची एक कंपनी, सुमारे एकशेवीस माणसं, कंपनी कमांडर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. लेफ्टनंट धरमवीर यांची गस्त पुढे सीमेवर होती, त्यांना इंजिनांची घरघर ऐकू आली. पाकिस्तानी ब्रिगेड येत होती, सोबत चाळीसहून अधिक रणगाडे. लोंगेवाला, मग रामगड, मग जैसलमेर असा बेत. चांदपुरींपुढे पर्याय ठेवण्यात आला : थांबायचं की मागे रामगडकडे यायचं. कंपनीकडे वाहनं नव्हती. तुम्ही जी पन्नास पावलं चाललात ती आठवा, आणि रणगाडे पाठीवर घेऊन तसं रात्रभर चालायचं असं समजा. खंदकात असलेला शिपाई निदान लढू शकतो, उघड्या वाळूत चालणारा फक्त सापडतो. चांदपुरी थांबले. ती नुसती जिगर नव्हती, तो जमिनीचा अचूक अंदाज होता. त्यांना महावीर चक्र मिळालं.

शत्रू मध्यरात्रीनंतर ठाण्याजवळ आला आणि काटेरी तारेपाशी थबकला. तार आहे म्हणजे सुरुंग असणार, असं धरून त्यांनी सुरुंग शोधणारी माणसं मागवली. त्यात मोलाचे तास गेले. वाटेवर असेपर्यंत त्यांचे रणगाडे चालत होते, ठाण्याला वळसा घालायला वाट सोडली की रुतायला लागले. रणगाड्याचं वजन रुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं, त्यामुळे तो ट्रकपेक्षा वाळूत बरा चालतो. पण मऊ वाळूत जागच्या जागी वळायला गेला की पट्टा स्वतःचाच खड्डा खणतो, इंजिन तापतं. दुचाकीवाल्याला हे सांगायला नको : वाळूत वळण घेताना थांबलात की संपलात. आणि रणगाड्यांमागची मालवाहू वाहनं तर चाकांवरची. ठाण्याकडे असलेल्या थोड्याशा रणगाडाविरोधी तोफांना अशी अडकलेली लक्ष्यं मिळाली.

जैसलमेरच्या धावपट्टीवर हंटर विमानं होती, पण रात्री ती हल्ला करू शकत नव्हती. ठाण्याला सूर्य उगवेपर्यंत तग धरायचा होता, आणि त्याने धरला. ५ तारखेच्या सकाळी विंग कमांडर एम. एस. बावा यांच्या तळावरून हंटर उडाले. खाली उघडी वाळू, लपायला झाड नाही, वर पाकिस्तानी हवाई दलाचं संरक्षण नाही. लहान क्रिशक विमानातून मेजर आत्मासिंग लक्ष्यं दाखवत होते. त्या दिवशी वरून काढलेली छायाचित्रं प्रसिद्ध आहेत : रॉकेट चुकवण्यासाठी रणगाड्यांनी घेतलेल्या गिरक्यांची नक्षी वाळूवर उमटलेली. भारतीय नोंदींनुसार तीसहून अधिक रणगाडे निकामी झाले. आपले दोन जवान कामी आले.

दोन. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस गोंधळतो, कारण त्याने १९९७ चा 'बॉर्डर' पाहिलेला असतो आणि त्यात जवळजवळ सगळी कंपनी मरते. सिनेमाशी माझं भांडण नाही, त्याने एका पिढीला लोंगेवाला हे नाव दिलं. पण त्यामुळे झालंय असं की स्मारकावर आलेले लोक माना हलवून म्हणतात, "बिचारे सगळे गेले." नाही हो. बहुतेक सगळे जगले, आणि ते जगले म्हणूनच ती लढाई शिकवण्यासारखी आहे. कमी माणसं गमावली म्हणून शौर्य कमी होत नाही. मेलेल्या दोघांचं आणि जगलेल्या शंभराहून अधिकांचं खरं श्रेय त्यांना मिळायला हवं, पटकथेतल्या मरणांना नव्हे.

श्रेयावरून दुसरा वादही आहे, भूदल मोठं की हवाई दल. इतक्या वर्षांनी तो अजून रंगतो. माझं मत विचारलंत तर रात्र भूदलाची, दिवस हवाई दलाचा. आणि या दोघांनाही वेळ मिळवून दिली ती वाळूने. हे नुसतं आपलं म्हणणं नाही. पाकिस्तानच्या हमूदुर रहमान आयोगानेही या चढाईची आखणी लष्करीदृष्ट्या चुकीची आणि विस्कळीत ठरवली, वाळवंटात वाहनांचं आणि साहित्याचं मोठं नुकसान झाल्याचं नोंदवलं. इथल्या माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं. १९६५ च्या युद्धात याच मुलखात आपली १३ ग्रेनेडियर्स, म्हणजे गंगा-जैसलमेर पलटण, उंटांवरून वावरत होती. लोक त्याला जुनाट म्हणायचे. उंटाचा तळवा वाळूवर पसरतो आणि त्याला पेट्रोल लागत नाही, एवढंच मी म्हणतो.

लोंगेवालाच्या स्मारकापाशी मोडलेले पाकिस्तानी रणगाडे ठेवलेत. त्यांच्यावर चढून फोटो काढू नका. तिथून तनोटचा रस्ता वाळूच्या लाटांवरून खालीवर जातो, या सगळ्या फेरीतला सर्वांत देखणा तुकडा. वारा असेल तर वाळूची जीभ डांबरावर आलेली असते. लांबूनच वेग कमी करा, त्यावर मात्र ब्रेक नको, हँडल सैल आणि थ्रॉटल एकसारखं. तनोटरायचं देऊळ सीमा सुरक्षा दलाचे जवान सांभाळतात, आरतीही तेच करतात. १९६५ मध्ये आवारात पडलेले पण न फुटलेले तोफगोळे तिथे कपाटात मांडलेत. तनोटच्या पुढे थेट सीमेपर्यंत जायला परवानगी लागते, ती नियमाप्रमाणे काढा, पहाऱ्यावरच्या पोराशी वाद घालू नका. त्याला त्याचं काम आहे.

दुपारी दोनला तनोट सोडा. थंडीत तिकडे सूर्य गेला की गारठा एकदम पडतो, आणि दिवसभर तापलेल्या डांबरावर गुरं आणि उंट ऊब घ्यायला येऊन बसतात. त्यांना मागचा दिवा नसतो.