श्वास मोजणें आणि श्वास पुरविणें

वसमत तालुक्यांतील कुरुंद्यासारख्या गांवांत पावसाळा सरूं लागला, कीं घरोघर तान्ह्या मुलांस पडसें होतें. बहुतेक मुलें आठवड्याभरांत पुन्हा खेळूं लागतात. एखाद्याचें मात्र पोट उडूं लागतें, नाकपुड्या फुलतात, तें दूध तोडतें, आणि घरांतील वडील मंडळी म्हणतात, 'पोराला धाप लागली.' कोणी यास बाळदमा म्हणतात. वैद्यकांत या विकारास ब्राँकिओलायटिस असें नांव आहे. यांत फुप्फुसांतील अगदीं बारीक श्वासनलिका सुजून कफानें भरतात. नळीची रुंदी निम्मी झाली, तर तींतून वारा ओढण्यास सोळापट जोर लागतो, असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ज्याच्या नलिका मुळांतच अरुंद, त्या बालकाची काय अवस्था होत असेल, हें वाचकांनींच मनांत आणावें.

या रोगाचा मुख्य विषाणु प्रथम १९५६ सालीं अमेरिकेंत चिंपांझी माकडांत आढळला, आणि लवकरच तो लहान मुलांतहि सांपडला. विषाणूवर जंतुनाशक औषधांची मात्रा चालत नाहीं. म्हणून येथें वैद्यास रोग मारावयाचा नसतो, तर रोग ओसरेपर्यंत मुलास तगवून धरावयाचें असतें. नाक मोकळें ठेवावें, दूधपाणी पोटांत जाऊं द्यावें, आणि रक्तांतील प्राणवायु उणा पडला तर तो बाहेरून पुरवावा, एवढेंच त्याच्या हातीं असतें. प्रीस्टलेनें १७७४ सालीं प्राणवायु वेगळा केला. परंतु तान्ह्या मुलाचें फुप्फुस सततच्या दाबानें उघडें ठेवण्याची युक्ति सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. ग्रेगरी यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केली. मध्यें जवळजवळ दोनशें वर्षें गेलीं.

ही कथा केवळ यंत्रांची आहे, असें मात्र कोणी समजूं नये. तिचा एक अध्याय आपल्याच महाराष्ट्रांत, गडचिरोलीच्या वनप्रदेशांत, लिहिला गेला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९८८ पासून ५८ गांवांत मुलांच्या न्यूमोनियावर गांवच्याच माणसांकडून उपचार करविले. पन्नासपर्यंत मोजतां न येणाऱ्या सुइणीसहि श्वास मोजतां यावे, म्हणून एका मिनिटाची वाळूची घडी व मण्यांच्या दोन ओळी असलेलें साधन तयार केलें. दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला, कीं मूल धोक्यांत. मर्यादा दोन महिन्यांखालील मुलास ६० श्वासांची, व त्यापुढें ५० ची. १९९० सालीं 'लॅन्सेट'मध्यें या प्रयोगाची हकीकत आली. उपचार झालेल्या मुलांत मृत्यु शेंकडा एकाहूनहि कमी, तर तुलनेच्या गांवांत शेंकडा तेरांहून अधिक होते. रोग निराळा व औषधहि निराळें खरें. पण धोक्याची खूण तीच.

पुढें बांगलादेशांत डॉ. जोबायर चिश्ती यांनीं शांपूच्या रिकाम्या बाटलींत पाणी घालून, श्वासनळीचें टोंक त्यांत बुडवून ग्रेगरींचाच दाब साधला. ढाक्याच्या रुग्णालयांतील, २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत, या उपायावरील ७९ मुलांपैकीं ३ दगावलीं. मंद धारेनें नुसता प्राणवायु दिलेल्या ६७ पैकीं १० दगावलीं. परंतु २०१९ सालीं आफ्रिकेंतील मलावीहून उलट अनुभव आला. ज्या रुग्णालयांत डॉक्टरांची नित्य देखरेख नव्हती, तेथें दाबाच्या उपायावरील मुलेंच अधिक दगावलीं.

या दोन अनुभवांचा मेळ घातला, म्हणजे इतिहासाचा अर्थ स्पष्ट होतो. श्वास पुरविणारें साधन पाहणाऱ्या डोळ्यांवांचून पांगळें आहे. २०२१ च्या साथींत प्राणवायूच्या टाकीचें मोल साऱ्या देशास कळलें, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत हवेंतून प्राणवायु वेगळा करणारे संच उभे राहिले. हें इष्टच झालें. परंतु मूल तेथवर वेळेवर पोहोंचावयाचें, तर आरंभ कुरुंद्याच्या ओसरीवरच व्हावयास पाहिजे. मुलाची छाती उघडी करून, घड्याळ समोर ठेवून, पुरें एक मिनिट त्याचे श्वास मोजणें आईस वा आजीस कठीण नाहीं. तें मिनिट ज्या घरांत दिलें जाईल, तेथील मुलास पुढील दोनशें वर्षांच्या ज्ञानाचा लाभ मिळेल. न दिलें, तर तें सारें ज्ञान असून नसल्यासारखेंच आहे.