ताडोबाच्या वाटेवरचे थांबे

ताडोबाला निघालेल्या माणसाच्या मनात वाघ इतका भरलेला असतो की नागपूर ते चंद्रपूर हा सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता त्याच्या लेखी असून नसल्यासारखाच असतो. पहाटे निघायचे, जामला चहा घ्यायचा आणि दुपारच्या फेरीआधी मोहर्लीच्या दरवाज्यावर हजर व्हायचे, एवढाच कार्यक्रम. या घाईमागे एक समजूत दडलेली असते. अरण्य ही इतिहासाबाहेरची जागा आहे, माणसाचा सगळा व्यवहार दरवाज्याच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे सृष्टी आपल्या मूळ रूपात नांदते, अशी ती समजूत. ती किती अपुरी आहे हे कळण्यासाठी ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. याच रस्त्यावर चार-पाच ठिकाणी गाडी थांबवली तरी पुरे.

पहिला थांबा हिंगणघाट. वणा नदीकाठचे हे गाव कापसासाठी प्रसिद्ध. पण इथे एक थडगे आहे, ज्याची आठवण फारच थोड्यांना असते. ते आहे विल्यम लॅम्ब्टनचे. हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा हा जनक. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने कामाला आरंभ केला आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत दोन दशके तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. पुढचे काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. जगातील सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते या सहायकाचे; गुरू मात्र विदर्भातल्या एका बाजारपेठेच्या गावी विसावला.

ताडोबाच्या वाटेवर लॅम्ब्टनपाशी का थांबायचे? कारण आजचे राष्ट्रीय उद्यान ही आधी नकाशावर काढलेली एक रेषा आहे. जमीन मोजता आल्याखेरीज ती 'राखीव' करता येत नाही. इंग्रजांनी चांद्याचा किल्ला १८१८ मध्ये जिंकला, त्यानंतर पाच वर्षांत मोजणीची उपकरणे या मुलखाच्या सीमेवर येऊन ठेपली, १८५४ पासून नागपूरचे राज्य कंपनी सरकारच्या ताब्यात गेले आणि १८७८ च्या वन कायद्याने सरकारला जंगले राखून ठेवण्याचे हत्यार मिळाले. ज्या रानात लोक लाकूडफाटा, मोहफुले आणि तेंदू गोळा करीत, त्या रानात शिरणे हा हक्क न राहता सवलत झाली. वाघाच्या रक्षणाचा विचार यानंतर बऱ्याच काळाने आला. तोवर सरकारी दृष्टीने जंगल म्हणजे मुख्यतः सागवान होते.

हिंगणघाटशी आणखी एक नाव जोडलेले आहे. २६ डिसेंबर १९१४ रोजी इथे जन्मलेल्या मुरलीधर देविदास आमटे यांचे. जमीनदार घराण्यातल्या या मुलाला तरुणपणी शिकारीचा शौक होता. पुढच्या थांब्यावर, वरोऱ्याला, त्यांचे दुसरे आयुष्य पाहायला मिळते. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि साधनाताई, दोन लहान मुले व मोजके कुष्ठरुग्ण यांच्यासह बाबा आमटे वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर राहायला आले. पहिले काम विहीर खोदण्याचे होते. समाजाने टाकून दिलेली माणसे आणि सरकारने निरुपयोगी ठरवलेली जमीन यांच्या योगातून जी वस्ती उभी राहिली, तिचे नाव आनंदवन.

याच वरोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी कोळसाखाण सुरू झाली. वर्ध्याहून इथवर लोहमार्ग आला तो प्रामुख्याने या कोळशासाठी. खाण १९०६ मध्ये बंद पडली. परंतु जमिनीखाली काय आहे हे एकदा कळल्यावर या जिल्ह्याचे भवितव्य बदलले. एकाच गावच्या भूमीतून एकीकडे कोळसा निघाला आणि दुसरीकडे विहिरीचे पाणी. या दोन गोष्टी मनात ठेवून पुढे जावे.

भद्रावतीला, म्हणजे जुन्या भांदकला, थांबण्यासाठी तासभर हाताशी हवा. विजासन टेकडीतील बौद्ध लेणे साधेच आहे. खडकात सरळ आत जाणारा लांब बोगदा, त्याच्या टोकाशी बसलेली भव्य बुद्धमूर्ती आणि डाव्या-उजव्या बाजूंना फुटलेली तशीच दोन दालने. अजिंठ्याची चित्रकला इथे नाही. अंधार आहे, शांतता आहे. गावात पार्श्वनाथाचे मोठे जैन मंदिर आहे आणि जागोजाग विखुरलेले जुने शिल्पावशेष आहेत. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट याच भांदकला सापडला. ज्या प्रदेशाला आपण 'दुर्गम' म्हणतो, तिथे बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी राजशासनाने दिलेल्या दानाची लेखी नोंद ठेवली जात होती.

यानंतर चंद्रपूर. कथा अशी सांगतात की त्वचारोगाने गांजलेल्या गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाला झरपट नदीच्या पाण्याने आराम पडला. पुढे एकदा त्याने अचंबित करणारे दृश्य पाहिले: कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग करीत होता. ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने कोट बांधण्यात आला. कथेचा अर्थ कसाही लावला तरी तो कोट आजही शहराभोवती उभा आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. दरवाज्यांवर हत्तीला पायाखाली घेणाऱ्या सिंहसदृश पशूचे शिल्प कोरलेले दिसते. हे गोंड राजचिन्ह. झाडाझुडपांनी गिळलेला हा कोट २०१७ पासून शहरातील स्वयंसेवकांनी श्रमदानाने बराचसा मोकळा केला, ही अलीकडच्या काळातली चांगली घटना. राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी आणि महाकालीचे मंदिर हेही जवळच आहे. तुरुंगाच्या परिसरातही क्षणभर थांबावे. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांविरुद्ध उठाव केल्याबद्दल २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

चंद्रपुरातून ताडोबाकडे वळताच जी वस्ती लागते तिचे नाव तुकूम. येणारे-जाणारे ते दुकानांच्या पाट्यांवर वाचतात आणि विसरतात. तुकूम हा मुळात जमीनधाऱ्याचा शब्द आहे. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजणारी जमीन द्यायची, ही गोंड राजांची रीत होती. तशा जमिनीला तुकूम म्हणत. चांदा जिल्ह्याची जमाबंदी करणारा मेजर लुसी स्मिथ हा इंग्रज अधिकारी. त्यानेही आपल्या १८६९ च्या अहवालात असे मत नोंदवले की गोंड राजांच्या काळची समृद्धी या मुलखाला नंतर कधी लाभली नाही. जिंकणाऱ्याच्या कारकुनी दप्तरात पराभूतांबद्दल अशी कबुली क्वचितच सापडते. जंगल आणि राज्य यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही, हे सांगायला 'तुकूम' हा एक शब्द पुरेसा आहे.

तुकूम मागे पडते न पडते तोच दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र दिसू लागते. २९२० मेगावॅट क्षमतेच्या या केंद्राच्या चिमण्या, पद्मापूरची उघडी कोळसाखाण आणि केंद्राला पाणी पुरवणारे इरई धरण हे सारे व्याघ्रप्रकल्पाच्या उंबऱ्यावर आहे. वरोऱ्याला जे सुरू झाले ते इथवर येऊन पोचले. इथे गाडीची काच वर करून पुढे निघण्याचा मोह होतो. तसे करू नये. नागपूर-मुंबईच्या घरांतला दिवा आणि मोहर्लीचे रान यांचा संबंध इथेच डोळ्यांना दिसतो.

ताडोबात शिकारीला १९३५ मध्ये बंदी आली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. या प्रवासात बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गाभाक्षेत्रातून बाहेर हलवली गेली. त्यांच्या शेतांच्या जागी आता गवताळ कुरणे आहेत, तिथे चितळ चरतात आणि चितळांमागे वाघ येतो. आपल्या छायाचित्रातील हिरवी पार्श्वभूमी कधीकाळी कोणाचे तरी शिवार होते. वाघ वाचला हे मोलाचेच आहे, आणि काही कुटुंबांना बाहेर शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आला हेही खरे. पण ही किंमत कोणी मोजली याचा हिशेब प्रवेशपत्रिकेच्या दरात मांडलेला नसतो.

शेवटचा थांबा उद्यानाच्या आतला. मोहर्लीहून ताडोबाकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर दगडी खांबांची रांग लागते. ती गोंड राजांच्या निरोपव्यवस्थेची असल्याचे सांगतात. आणि पुढे तलावाच्या काठी, मोठ्या झाडाखाली, तारूचे स्थान आहे. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झुंजताना तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव केले. ताडोबा हे नाव त्याचेच. पौषात इथे आदिवासींची जत्रा भरत असे. आज हे स्थान वनखात्याच्या नियमांनी बांधलेले आहे.

म्हणजे ज्या उद्यानात आपण वाघ पाहायला जातो, त्याला नाव आहे वाघाकडून मेलेल्या माणसाचे. आणि ते नाव ठेवणाऱ्यांनी वाघाचा सूड म्हणून रान जाळले नाही, झाडाखाली दगड मांडून दोघांनाही जागा दिली. संरक्षणाची ही कल्पना १९३५ च्या बंदीपेक्षा आणि १८७८ च्या कायद्यापेक्षा जुनी आहे. आपल्या जिप्सीतला मार्गदर्शक बहुधा आसपासच्याच एखाद्या गावचा असतो. त्याला वाघाचा माग सगळेच विचारतात. तलावाकाठी गाडी थांबेल तेव्हा त्याला तारूबद्दलही विचारावे, आणि तो सांगेल ते पुरते ऐकून घ्यावे.