सैनिक आणि शस्त्रपरवान्यातील सूट

शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 3 प्रमाणे पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो. कलम 45 मात्र कर्तव्यावरील लोकसेवकास त्यातून वगळते. ही सूट गणवेशाला नाही, कर्तव्याला आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्रावर पहारा देणारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान सरकारी शस्त्र विनापरवाना वागवतो. बोईसरच्या घरी स्वतःचे पिस्तूल ठेवायचे, तर त्यालाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना घ्यावा लागतो. प्रशिक्षित माणसावर हा अविश्वास कशाला, असा आक्षेप येतो. तो वजनदार आहे, पण अपुरा. 31 जुलै 2023 रोजी जयपूर–मुंबई गाडीत पालघरनजीक झालेल्या गोळीबारात चौघे मारले गेले. आरोपी रेल्वे सुरक्षा दलाचाच जवान होता. प्रशिक्षण नेमबाजी शिकवते, मनःस्थितीची हमी देत नाही. म्हणून रजेवरील सैनिकाच्या खासगी शस्त्राची परवान्यातून होणारी छाननी योग्यच आहे.