एक चिप, दोन कारखाने

“पेंटियमच घे,” बाबा म्हणाले.

जानेवारी २०२५ संपत आला होता. पनवेलच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी दोन प्रोसेसरांची तुलना करत होतो: इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के आणि एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो, रात्री गेम खेळतो. दोन्हीला पुरेल असा एकच डेस्कटॉप जुळवायचा होता. बाबांच्या हातात पद्म पुरस्कारांची यादी छापलेला पेपर होता. विनोद धाम यांना पद्मभूषण मिळालं होतं. पेंटियमचे जनक, जन्म पुण्यातला. बाबांच्या लेखी माझा प्रश्न तिथेच सुटला.

त्यांचंही बरोबर होतं. २००५ साली आमच्या घरातला पहिला कम्प्युटर त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण कम्प्युटर घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. दुकानदाराने दोन कोटेशनं दिली. एकात पेंटियम ४, दुसऱ्यात अ‍ॅथलॉन ६४. दुसरं स्वस्त होतं. बाबांनी पहिलं घेतलं आणि कॅबिनेटचं खोकं मांडीवर धरून हार्बर लाइनने पनवेलला परतले. पुढे कित्येक वर्षं ते कम्प्युटरला कम्प्युटर म्हणत नसत. “पेंटियम बंद कर आणि झोप” असं म्हणत. दुसरं कोटेशन कशाचं होतं, ते स्वस्त का होतं, आणि मुळात दुसरं कोटेशन होतंच कसं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. वीस वर्षं मीही विचारलं नव्हतं.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आयबीएमच्या खरेदीच्या पद्धतीत सापडतं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पर्सनल कम्प्युटर बाजारात आणला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. महत्त्वाचा सुटा भाग एकाच पुरवठादाराच्या भरवशावर ठेवायला आयबीएम तयार नव्हती. कारखान्याला आग लागली, माल वेळेवर आला नाही किंवा पुरवठादाराने भाव वाढवला, तर आपलं काय? म्हणून इंटेलपुढे अट आली: हीच चिप बनवणारा दुसरा कोणीतरी उभा करा. या व्यवस्थेला धंद्यात ‘सेकंड सोर्स’ म्हणतात. १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात दहा वर्षांचा करार झाला आणि इंटेलच्याच रचनेवरून एएमडी प्रोसेसर बनवू लागली. म्हणजे पीसीच्या प्रोसेसरांमध्ये एएमडी आली ती गिऱ्हाइकाने मागून घेतलेली खबरदारी म्हणून. स्पर्धा नंतरची.

कराराची मुदत संपायच्या आतच इंटेलचा विचार बदलला. ऑक्टोबर १९८५ मध्ये ३८६ आला आणि या चिपची रचना एएमडीला द्यायची नाही असं इंटेलने ठरवलं. एव्हाना पीसीचा बाजार एवढा वाढला होता की गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं इंटेलला परवडत होतं. प्रकरण लवादाकडे गेलं. तिकडे वाद चालू असताना एएमडीच्या इंजिनियरांनी ३८६ची स्वतःची आवृत्ती तयार केली आणि मार्च १९९१ मध्ये बाजारात आणली. इंटेलचा ३८६ ३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावत होता, एएमडीचा ४० मेगाहर्ट्झला. १९९२ मध्ये लवादाने एएमडीच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि जानेवारी १९९५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. ४८६पर्यंतचं झालं ते झालं; पुढची चिप मात्र एएमडीने स्वतः घडवायची.

बाबांचा लाडका शब्दही या भांडणातूनच आला. ‘३८६’ हा नुसता आकडा आहे, त्यावर कोणाला मालकी सांगता येणार नाही, असं न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलं. मग इंटेलने पुढच्या चिपला ५८६ म्हणायचं टाळलं आणि ग्रीकमधल्या ‘पाच’वरून ‘पेंटियम’ हे नाव घडवलं. त्याच वर्षी ‘इंटेल इनसाइड’ची मोहीमही सुरू झाली होती. आत काय आहे हे कधीही न पाहणाऱ्या माणसाला आतल्या वस्तूचं नाव पाठ करून देणारी ही जाहिरात होती. लॅमिंग्टन रोडवर बाबांनी निवडलं ते हे नाव.

मार्च १९९३ मध्ये पेंटियम आला. त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. त्याच्या विकासाची धुरा विनोद धाम यांच्याकडे होती. फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेलं त्यांचं कुटुंब. जन्म पुण्याचा, इंजिनियरिंग दिल्लीत, पुढचं शिक्षण सिनसिनाटीत, आणि १९७९ पासून नोकरी इंटेलमध्ये. ते मराठी नव्हेत, पण जन्मगावामुळे आपण त्यांच्यावर थोडा हक्क सांगतो, तसा बाबांनीही सांगितला.

पेंटियमच्या भरभराटीत १९९४ साली एक अडचण आली. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या उत्तरांत चूक येत होती आणि ती त्यांच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती, चिपमध्ये होती. भागाकार करण्यासाठी पेंटियममध्ये कोरलेल्या तक्त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ला ३१४५७२७ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं; सदोष पेंटियमवर १.३३३७३ येई. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच चिप बदलून देऊ, असं इंटेलने आधी म्हटलं. गदारोळ झाल्यावर डिसेंबरमध्ये सगळ्यांनाच बदलून द्यायचं कबूल केलं आणि ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवला. घरी कम्प्युटर वापरणाऱ्या लोकांनी आतल्या चिपबद्दल कंपनीला जाब विचारला, आणि तो विचारता आला कारण ‘इंटेल इनसाइड’ने त्यांना चिपचं नाव शिकवलं होतं.

बाबांच्या पेपरातल्या बातमीपुढचा भाग मला इथे सांगावासा वाटतो. १९९५ मध्ये धाम यांनी इंटेल सोडली आणि नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत ते गेले. नेक्सजेनचे लोक इंटेलशी मिळताजुळता पण स्वतःच्या रचनेचा प्रोसेसर घडवत होते. एएमडीचा स्वतःचा के५ उशिरा आला आणि मागे पडला होता. म्हणून एएमडीने नेक्सजेनच विकत घेतली, आणि तिच्या हातात असलेल्या रचनेतून एप्रिल १९९७ मध्ये के६ निघाला. ट्रान्झिस्टर ८८ लाख. मुख्य म्हणजे तो पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसे. मदरबोर्ड तोच, फक्त चिप बदलायची. पेंटियम जन्माला घालणाऱ्याच माणसाचा पेंटियमला पर्याय उभा करण्यात हात होता. इंटेल मात्र पेंटियम २ पासून नव्या घडणीच्या स्लॉटकडे वळली. तो दुसऱ्याला वापरता येत नव्हता.

तिकडे हे चालू असताना पुण्यातही निवड करायची वेळ आली होती. अमेरिकेकडून क्रे सुपरकम्प्युटर मिळेना, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळत नसेल, तर ब्रिटनच्या इनमॉसचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर एकमेकांना जोडायचे, अशी ती युक्ती. पण पुढचा ट्रान्सप्युटर रखडला आणि ती जातच संपली. सी-डॅकने इंटेलचा आय८६० वापरून पाहिला आणि ‘परम ९०००’ची मांडणी अशी केली की प्रोसेसर वेगवेगळ्या कंपन्यांचे बसवता यावेत. एका पुरवठादारावर अवलंबून राहिलं की काय होतं हे आयबीएमने आधीच ओळखलं होतं. पुण्यात ते अनुभवातून कळलं. २०२० मध्ये आलेल्या ‘परम सिद्धी-एआय’मध्ये एएमडीचे प्रोसेसर आहेत.

मग २००५ मध्ये बाबांनी नाकारलेला अ‍ॅथलॉन ६४? ती त्या काळातली उत्तम चिप होती. ६४-बिट जगात जायचं तर इंटेलचा मार्ग इटेनियमचा होता. जुन्या प्रोग्रॅमांचं त्यावर नीट जमत नसे. एएमडीने जुन्या रचनेलाच ६४-बिटची जोड दिली. २००३ मध्ये तसे प्रोसेसर आले आणि २००४ मध्ये इंटेलनेही तीच रीत उचलली. आजही इंटेलच्या लॅपटॉपवर उबुंटू घालायला गेलो की उतरवायच्या फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ लिहिलेलं असतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी चुकीची फाइल घेतली असं समजून ती पुसून टाकली होती.

चांगली चिप असूनही दुसरं कोटेशन दुसरंच का राहिलं, याचं एक उत्तर जाहिरात. दुसऱ्या उत्तरावर कोर्टकज्जे झाले. कम्प्युटर बनवणाऱ्यांना सवलती देऊन एएमडीला दूर ठेवल्याचा ठपका ठेवत २००९ मध्ये युरोपियन आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरो दंड केला. तो २०२२ मध्ये न्यायालयात रद्द झाला आणि २०२३ मध्ये त्यातल्या काही भागासाठी ३७.६ कोटींचा नवा दंड लागला. एएमडीशी मात्र इंटेलने २००९ मध्येच १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली होती.

दुसरा पर्याय नावापुरता उरला की काय होतं, हे माझ्या पिढीने पाहिलं. २०११चा बुलडोझर फसला आणि एएमडी मागे पडली. जानेवारी २००७ मध्ये इंटेलचा घरगुती प्रोसेसर चार कोअरचा झाला; जानेवारी २०१७चा त्यांचा सर्वांत वरचा घरगुती प्रोसेसरही चारच कोअरचा होता. मी शाळेतून इंजिनियरिंगपर्यंत पोचलो, कोअर चारच. मार्च २०१७ मध्ये रायझन आला. आठ कोअर, किंमत ४९९ डॉलर. तेव्हा इंटेलचा आठ कोअरवाला हजार डॉलरच्या वर होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचे सहा झाले, ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ. दहा वर्षं जे झालं नव्हतं, ते दीड वर्षात झालं.

आता माझ्या टेबलावरचे दोघे. २६५केमध्ये वीस कोअर: आठ दांडगे, बारा काटकसरी. मोठा प्रोजेक्ट कंपाइल करताना कामाचे तुकडे पाडून वाटता येतात, तिथे वीस हात उपयोगी पडतात. ९८००एक्स३डीमध्ये आठच कोअर, पण ९६ एमबीची एल३ कॅश. रॅम म्हणजे कोठीची खोली आणि कॅश म्हणजे ओट्यावरचा मिसळणाचा डबा. गेममध्ये पुढच्या क्षणी काय लागेल ते आधी सांगता येत नाही. डबा मोठा असला की कोठीत फेऱ्या कमी होतात. शिवाय पनवेलचा मे महिना. पूर्ण जोर लावला तर २६५के २५० वॉटपर्यंत वीज खेचू शकतो, दुसऱ्याचं अधिकृत टीडीपी १२० वॉट आहे. ती उष्णता शेवटी माझ्या दहा बाय दहाच्या खोलीतच येणार.

हे सगळं वहीत मांडून झाल्यावर मी दोघांच्या जन्माचा तपशील पाहिला. एएमडीने आपले कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले. ९८००एक्स३डीचे कोअर तैवानची टीएसएमसी बनवते. इंटेलला स्वतःच्या कारखान्यांचा केवढा अभिमान. पण २६५केचा मुख्य, गणना करणारा तुकडाही टीएसएमसीच बनवते, इंटेल तुकड्यांची जोडणी करते. १९८२ मध्ये गिऱ्हाइकाने एका चिपसाठी दोन कारखाने मागितले होते. मी दोन चिपांमधून निवडत होतो आणि कारखाना एकच होता. त्या कारखान्यात भूकंप झाला, किंवा त्या सामुद्रधुनीत युद्ध पेटलं, तर लॅमिंग्टन रोडवर दोन्ही कोटेशनं एकाच दिवशी रद्द होतील. ज्या भीतीपोटी एएमडीला या धंद्यात आणलं गेलं, ती भीती चाळीस वर्षांनी तशीच उभी आहे. आता दुसरा पुरवठादार दाखवा म्हणणारं आयबीएमएवढं मोठं गिऱ्हाईकही समोर नाही, आणि मी एक प्रोसेसर घेणारा माणूस, मी कोणाला अट घालणार?

मी ९८००एक्स३डी घेतला. कंपाइल व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढ्यात चहा होतो. याच सॉकेटमध्ये पुढच्या चिपाही २०२७ पर्यंत आणि नंतरही देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे मदरबोर्डचा खर्च पुन्हा नको. के६ घेणाऱ्यांनी हाच हिशोब केला असेल.

खोकं घरी आल्यावर बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “यावर पेंटियम नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, इंटेलनेच लॅपटॉपवरून ते नाव २०२३ पासून काढलं, आणि तुमचे पुण्याचे धाम पुढे याच कंपनीत आले होते. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे तेव्हा तो स्वस्तवालाही चालला असता?”

“चांगला चालला असता.”

“किती पैसे वाचले असते?”

ते मात्र दोघांनाही आठवेना. कोटेशनचा तो कागद केव्हाच हरवला आहे.