वाचक म्हणजे नक्की कोण?

बाबा आमच्याकडे ग्रीनकार्डवर राहायला आले तेव्हा त्यांची एक अख्खी बॅग पुस्तकांची होती. पुढे मधुमेहाने डोळे गेले, म्हणजे दिसतं थोडंफार, पण छापील अक्षर लागत नाही. रोज रात्री वाचल्याशिवाय न झोपणारा माणूस टीव्हीचा नुसता आवाज ऐकत बसू लागला. एकदा गावातल्या लायब्ररीत सहज विषय निघाला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांच्यासाठी सरकारी ग्रंथालय आहे. फुकट आणि घरपोच!" इतकी वर्षं अमेरिकेत राहून मला याचा पत्ताच नव्हता. मग जरा इतिहास खणला. तो तुम्हालाही सांगावासा वाटला.

गोष्ट सुरू होते १८९७ साली. वॉशिंग्टनमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसची नवी इमारत उघडली आणि ग्रंथपाल जॉन रसेल यंग यांनी तिथे अंधांसाठी वाचनकक्ष सुरू केला. बोटांनी वाचायची, उठावाच्या लिपीतली पुस्तकं आणि संगीताची बाडं मिळून ऐवज सुमारे ५००. पण वाचायचं तर वॉशिंग्टन गाठायला हवं! १९०४ मध्ये काँग्रेसने अशी पुस्तकं टपालाने विनामूल्य पाठवायची सोय केली. ब्रेलचा एकेक ग्रंथ म्हणजे जाडजूड बाड, त्याचा टपालखर्च वाचकाला कसा झेपणार? म्हणून ही सवलत फार मोलाची ठरली. आजही त्या पाकिटावर तिकीट नसतं.

दुसरा घोळ लिपीचा. न्यूयॉर्क पॉइंट, अमेरिकन ब्रेल, मून अशा अनेक लिप्या एकाच वेळी चालू होत्या. हेलन केलरना त्यातल्या कितीतरी शिकाव्या लागल्या. अमेरिका आणि ब्रिटन यांचं इंग्रजी ब्रेलवर एकमत व्हायला १९३२ साल उजाडलं. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना वाटतं, फॉरमॅटची भांडणं आम्हीच सुरू केली!

त्याआधी वर्षभर, ३ मार्च १९३१ रोजी, राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी प्रॅट-स्मूट कायद्यावर सही केली. ऐन मंदीत वर्षाला १ लाख डॉलर, अंधांच्या पुस्तकांसाठी. ही पुस्तकं देशभरातल्या निवडक ग्रंथालयांतून वाटली जाऊ लागली. पण कायद्यात एक शब्द होता: 'प्रौढ'. मुलं त्यात बसत नव्हती.

शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्यांचं काय? साठीनंतर बोटांना ब्रेल शिकवणं सोपं नाही. या प्रश्नाला भिडला रॉबर्ट अर्विन. तो स्वतः लहानपणापासून अंध होता आणि अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंडमध्ये काम करत होता. तेव्हाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला चार-पाच मिनिटंच मावायची. त्यात कादंबरी कशी बसवणार? त्याच्या संस्थेने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, बाजूला सुमारे १५ मिनिटं चालणारी तबकडी घडवली. १९३४ मध्ये 'बोलकी पुस्तकं' सुरू झाली. बाजारात कोलंबियाची एलपी आली १९४८ साली. म्हणजे डोळस मंडळींच्या चौदा वर्षं आधी अंध वाचक एलपी ऐकत होते! ती ऐकायची यंत्रं मंदीतल्या रोजगार योजनेतल्या कामगारांनी बनवली, वीस हजारांहून अधिक.

यानंतरचा इतिहास माझ्या मते यंत्रांपेक्षा व्याख्येचा आहे. वाचक कोणाला म्हणायचं? १९५२ मध्ये 'प्रौढ' हा शब्द गळला आणि मुलं आत आली. १९६६ मध्ये ज्यांचे डोळे शाबूत आहेत पण हात पुस्तक धरू शकत नाहीत, पान उलटू शकत नाहीत, तेही वाचक ठरले. डिस्लेक्सियासारख्या अडचणीसाठी पूर्वी डॉक्टरचंच प्रमाणपत्र लागे. २०२१ पासून शिक्षकाचंही चालतं. नावही बदलत गेलं. २०१९ पासून 'नॅशनल लायब्ररी सर्व्हिस फॉर द ब्लाइंड अँड प्रिंट डिसेबल्ड'. छापील मजकूर ज्याला वाचता येत नाही तो प्रत्येक जण, असा त्याचा सरळ अर्थ.

तबकड्यांनंतर कॅसेट आल्या, २००९ पासून डिजिटल कार्ट्रिज आणि डाउनलोड. १९९६ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकासाठी प्रकाशकाची परवानगी मागायची गरजही उरली नाही.

बाबांच्या अर्जावर सही त्या लायब्ररीतल्या बाईंनीच केली. डॉक्टरकडे खेटे घालावे लागले नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत टपालाने यंत्र दारात आलं. मोठी, हाताला सहज लागणारी बटणं. दुसऱ्याच रात्री बाबांच्या खोलीतून कुणीतरी इंग्रजी वाचत असल्याचा आवाज आला. सकाळी मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाले, "उत्तम. पण मराठीत काही असेल का रे?"

त्याचंही उत्तर इतिहासात आहे. अशी पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायला कॉपीराइट आडवा येई. तो अडसर दूर करणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला. त्याला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारत. अमेरिकेत तो २०१९ पासून लागू आहे. रस्ता मोकळा आहे, पण त्यावरून मराठी पुस्तकं यायची तर इथे कुणीतरी मागायला हवीत. मंडळी, आपल्यापैकी कितीजणांच्या घरी असे आई-बाबा आहेत! अर्ज भरा, आणि भाषेची मागणी नोंदवायला विसरू नका. आमच्या अर्जासोबत मी एक ओळ जोडली आहे: मराठी.