कानातल्या बोळ्याची गोष्ट

१/
पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत इअरफोनचे सुटे रबर मागणारे तरुण रोज येतात. एक हरवलेले असते, एक फाटलेले असते, एखादे पहिल्या दिवसापासूनच दुखत असते. नखाएवढी ही वस्तू बहुतेक जण नजरेच्या अंदाजानेच निवडतात. तिच्यामागे मात्र शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि या शहराच्या कानांशी त्याचा जवळचा संबंध आहे.

२/
कानात काही घालणे मराठी माणसाला नवे नाही. अत्तराचा फाया कानाच्या पाळीत खोचला जाई, दुखऱ्या कानात कापसाचा बोळा बसे. भाषेने मात्र बोळ्याला बदनाम केले. ‘कानात बोळे घालून बसणे’ म्हणजे ऐकायचेच नाही असे ठरवणे. यंत्रयुगात त्याच बोळ्याकडे उलटे काम आले: नीट ऐकू येण्यासाठी कान बंद करणे.

३/
हे काम प्रथम वैद्यकात दिसते. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या हृदयाचे ठोके ऐकले. १८५२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यांनी दोन्ही कानांचा स्टेथोस्कोप प्रचारात आणला. त्याची कानात बसणारी टोके हस्तिदंती होती. टोक घट्ट बसले तर बाहेरचा गलका थांबे आणि छातीतला क्षीण आवाज कानी येई.

४/
१८९१ मध्ये फ्रेंच अभियंता अर्नेस्ट मर्काडिए यांनी कानात बसणाऱ्या टेलिफोन-श्रावकाचे पेटंट घेतले. वजन पावणेदोन औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ५० ग्रॅमपेक्षा कमी. कानाला घासू नये म्हणून त्यांनी टोकांवर रबराचे आवरण सुचवले. आजच्या इअरफोनच्या रबराचा हा पूर्वज. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव आकार घेत होता. एकीकडे कानात शिरणारा आवाज, दुसरीकडे रस्त्यावर येणारा आवाज. या दोघांची गाठ पुढे पडणार होती.

५/
१९०७ मध्ये बर्लिनचे औषधविक्रेते माक्स नेगवेर यांनी मेण आणि कापूस यांच्या मऊ गोळ्या बनवण्याचा उद्योग सुरू केला. प्रेरणा ग्रीक महाकाव्यातली: मोहिनी घालणारे गाणे ऐकू येऊ नये म्हणून ओडिसियसने खलाशांचे कान मेणाने बुजवले होते. गोळ्यांचे नाव ‘ओहरोपाक्स’. जर्मन ‘कान’ आणि लॅटिन ‘शांती’ यांची ही जोड. पहिल्या महायुद्धात या गोळ्या सैनिकांच्या कानांपर्यंत पोहोचल्या.

६/
पुढचे वळण फोमचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉस गार्डनर आणि त्यांचे सहकारी एका फोमवर काम करत होते. तो दाबला की चपटा होई आणि हळूहळू फुगून मूळ आकारात येई. १९७२च्या सुमारास त्याचे पिवळे बोळे बाजारात आले. कानाचे माप घेण्याची गरज उरली नाही, कारण बोळाच कानाचा आकार घेऊ लागला.

७/
१९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि संगीत खिशात मावू लागले. १९९१ मध्ये एटिमोटिक या अमेरिकी कंपनीने कर्णनलिकेत खोलवर बसणारे इअरफोन आणले. त्यांच्या टोकावर एकावर एक तीन छत्र्या असलेले रबर होते. श्रवणयंत्रांच्या जगातले ज्ञान अशा रीतीने संगीतप्रेमींच्या कानात आले.

८/
माप इतके महत्त्वाचे का? कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, किंचित नागमोडी, आणि तिचे तोंड गोल नव्हे तर लंबगोल असते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा असतो आणि जबडा हलला की तोही हलतो. आतला भाग हाडाचा, त्यावरची त्वचा अतिशय पातळ. म्हणून खोल रुतलेले रबर टोचते. काहींना तर खोकलाही येतो, कारण तिथे व्हेगस मज्जातंतूची एक शाखा असते. एकाच माणसाचे दोन कानही सारखे असतीलच असे नाही.

९/
म्हणून प्रत्येक कानाची परीक्षा स्वतंत्र घ्यावी. विरुद्ध हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढून रबर बसवावे. माप बरोबर असेल तर बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. जबडा हलवल्यावर ते निसटले तर मोठे माप, अर्ध्या तासात ठणका लागला तर लहान माप किंवा फोम. डावीकडे मध्यम आणि उजवीकडे लहान लागले तरी त्यात चूक काही नाही. रबराचे भोक इअरफोनच्या नळीवर घट्ट बसते की नाही, हेही पाहावे. सैल रबर कानातच अडकून राहते.

१०/
सिलिकॉन धुता येते, फोम काही महिन्यांत थकतो. पावसाळ्याच्या दमट हवेत कानात बुरशी सहज वाढते, म्हणून ओले रबर कानात घालू नये आणि आपले रबर दुसऱ्याला देऊ नये.

११/
खरा धोका मात्र दुखण्याचा नाही. रबर सैल असेल तर सर्वांत आधी खर्जाचे स्वर निसटतात. गाणे पोकळ वाटते, बाहेरचा रस्ता आत येतो, आणि बोट आपोआप आवाज वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती अशा ऐकण्याच्या सवयींमुळे धोक्यात आहे. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

१२/
इथे इतिहास लक्ष्मी रस्त्यावर येतो. विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षे चौकाचौकांत आवाज मोजत आले आहेत, आणि अनेक वर्षी सरासरी शंभर डेसिबलच्या वर गेली आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातली दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास थांबता येते आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटे.

१३/
ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांनी ढोल-ताशाला शिस्त दिली आणि त्याला पुण्याची ओळख बनवले. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकातील वादकांच्या संख्येवर ३० ची मर्यादा घातली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. संख्येचा वाद न्यायालयात गेला. ताशाशेजारी उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या कानांचा प्रश्न मात्र कोणत्याही आदेशाने सुटत नाही. साधा कापूस आवाज फारसा अडवत नाही. नीट बसलेला फोमचा बोळा बराच अडवतो, आणि ताल तरीही ऐकू येतो.

१४/
मर्काडिएच्या रबरापासून ढोलपथकातल्या फोमपर्यंत या इतिहासाचे सूत्र एकच राहिले: कान नीट बंद झाला, तरच तो दीर्घकाळ उघडा राहतो. कानात बोळा घालणारा माणूस ऐकायला नकार देतो असे भाषा म्हणते. योग्य मापाचा बोळा घालणारा मात्र साठीतही सवाईच्या मंडपात बसून तानपुरा ऐकायचा बेत करत असतो.