दफ्तर, मालक आणि मुखत्यार

राज्य असो, पेढी असो वा देवस्थान असो, वादाच्या प्रसंगीं अखेरचा शब्द दफ्तराचा असतो, हा जगाचा जुना अनुभव आहे. म्हणूनच दफ्तर कोणीं लिहावें, कोणीं वाचावें आणि त्याची किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हा प्रश्न दफ्तराइतकाच पुरातन आहे. आज पुष्कळ कागदी दफ्तरांचें स्थान संगणकांतील डेटाबेसांनीं घेतलें आहे. प्रश्न मात्र तोच राहिला आहे. डेटाबेसमध्यें नवी स्टोअर्ड प्रोसीजर तयार करावयास बसलेल्या मनुष्याला यंत्राकडून वारंवार दोन उत्तरें मिळतात. एक, 'तुला परवानगी नाहीं'; आणि दुसरें, 'या नांवाची वस्तूच येथें नाहीं'. वस्तु तर डोळ्यांसमोर असते. मग यंत्र असें कां बोलतें? याचा उलगडा गेल्या अर्धशतकाच्या इतिहासांत होतो.

आरंभकाळीं रक्षणाची कल्पना अगदीं घरगुती होती. इ. स. १९७१ मध्यें 'कोडॅसिल' या संस्थेच्या डेटाबेस टास्क ग्रुपनें जो प्रसिद्ध अहवाल सादर केला, त्यांत सबंध दफ्तराच्या आराखड्यास 'स्कीमा' आणि एकेका कार्यक्रमास दिसणाऱ्या त्याच्या अंशास 'सबस्कीमा' असें म्हटलें होतें. स्कीमा हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ आकृति. या आराखड्याला कुलपें घालण्याची सोयही अहवालांत होती. ज्याच्याजवळ किल्ली, म्हणजे ठराविक परवलीचा शब्द असेल, त्याला तें कुलूप उघडावें. परंतु कुलपाला मनुष्य ओळखतां येत नाहीं. किल्ली कोणीं दिली, कोणत्या अधिकारानें दिली, आणि देणाऱ्याचाच अधिकार उद्यां गेला तर पुढें काय, या प्रश्नांपुढें कुलूप मुकें असतें.

त्याच सुमारास दफ्तराची घडणही बदलूं लागली होती. जून १९७० मध्यें एडगर कॉड या इंग्लंडांत जन्मलेल्या शास्त्रज्ञानें, आय. बी. एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत काम करीत असतां, एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या टेबलांच्या रूपानें मांडावी आणि ती आंत कोठें व कशी साठविली आहे याची चिंता विचारणाऱ्यानें करूं नये, हा त्याचा गाभा. याच प्रयोगशाळेंत पुढें 'सिस्टिम आर' हा प्रकल्प उभा राहिला. आणि १९७४ सालीं डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं प्रश्न विचारण्याची जी भाषा मांडली, तीच पुढें एस. क्यू. एल. या नांवानें जगभर पसरली.

दफ्तर सर्वांना सुलभ झालें म्हणजे अधिकाराचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. सिस्टिम आरमध्यें त्याचा विचार पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनीं केला व सप्टेंबर १९७६ मध्यें तो प्रसिद्ध केला. त्यांची योजना अशी: जो टेबल निर्माण करील तो त्याचा धनी. धन्यानें वाचण्याचा, भर घालण्याचा वा खोडण्याचा अधिकार वेगवेगळा करून दुसऱ्यास द्यावा. आणि इच्छा असल्यास तोच अधिकार पुढें तिसऱ्यास देण्याची मुभाही द्यावी. देण्याला 'ग्रँट' आणि काढून घेण्याला 'रिव्होक' असे शब्द ठरले.

देणें सोपें आहे. गांठ पडते ती काढून घेतांना. समजा, धन्यानें दिवाणाला अधिकार दिला आणि दिवाणानें तो कारकुनाला दिला. धन्यानें दिवाणाचा अधिकार काढला, तर कारकुनाचाही जावयास हवा. परंतु मध्यंतरीं कारकुनानें तोच अधिकार उलट दिवाणाला देऊन ठेवला असला तर? दिवाण म्हणेल, 'मला कारकुनाकडून मिळाला आहे'. कारकून म्हणेल, 'मला दिवाणाकडून'. पाया खणून काढला तरी दोन भिंती एकमेकींना टेकून उभ्याच! ग्रिफिथ्स व वेड यांनीं यावर उपाय म्हणून प्रत्येक दानावर काळाची मुद्रा उमटविली. देण्याच्या क्षणीं जो अधिकार देणाऱ्याच्या हातीं नव्हता, तो त्यानें दिलाच नाहीं असें समजावयाचें. या एका नियमानें असलीं परस्परांच्या आधाराचीं नातीं आपोआप कोसळूं लागलीं.

तरीही एक छिद्र राहिलें होतें. तें १९७८ सालीं रोनाल्ड फेगिन यांनीं दाखवून दिलें. चिटणिसानें सोमवारीं दिवाणाला अधिकार दिला. दिवाणानें मंगळवारीं तो कारकुनाला दिला. बुधवारीं फडणिसानेंही दिवाणाला तोच अधिकार दिला आणि गुरुवारीं दिवाणानें पुन्हां कारकुनाला दिला. मूळच्या योजनेंत एकाच देणाऱ्याकडून एकाच घेणाऱ्याला मिळालेल्या अधिकाराची नोंद एकदांच होई. म्हणून गुरुवारचें दान वहींत चढलेंच नाहीं. पुढें चिटणिसानें आपलें दान मागें घेतलें, तेव्हां मंगळवारच्या दानाचा आधार गेला, आणि फडणिसामार्फत ज्याचा हक्क शाबूत होता तो कारकून विनाकारण दाराबाहेर राहिला. दोनदां दिलेलें दान दोनदां लिहावें, हा फेगिन यांचा उपाय. ज्याला अधिकार नाहीं त्याला आंत घेणें हा जसा दोष, तसाच ज्याला अधिकार आहे त्याला अडविणें हाही दोषच होय, हें या प्रकरणानें ठसविलें.

यानंतर रंगभूमीवर आली स्टोअर्ड प्रोसीजर. डेटाबेसच्या आंतच नांवानिशीं साठवून ठेवलेला आज्ञांचा संच म्हणजे प्रोसीजर. बाहेरच्यानें केवळ नांव घेऊन हांक मारावी आणि काम आंत व्हावें. सायबेस कंपनीनें १९८७ सालीं आणलेल्या डेटाबेसमध्यें ही सोय होती. ओरॅकलनें ती १९९२ च्या सातव्या आवृत्तींत दिली. आणि १९९६ सालीं एस. क्यू. एल.च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत तिला स्थान मिळालें. अधिकाराच्या दृष्टीनें प्रोसीजर ही मुखत्यारासारखी आहे. पगाराचें सबंध टेबल कारकुनानें पाहूं नये, पण स्वतःचा पगार त्याला कळावा; अशा वेळीं टेबलाचा अधिकार न देतां प्रोसीजर चालविण्याचा तेवढा द्यावयाचा. प्रोसीजर धन्याच्या अधिकारानें आंत जाते आणि नेमून दिलेलें तेवढेंच बाहेर आणते.

मुखत्यार आला कीं त्याच्यामागें वादही आले. पहिला वाद, अधिकार कोणाचा धरावयाचा, लिहिणाऱ्याचा कीं चालविणाऱ्याचा? ओरॅकलनें प्रथम लिहिणाऱ्याचा धरला. परंतु 'रोल' म्हणजे हुद्द्यामार्फत आलेला अधिकार अशा प्रोसीजरमध्यें ग्राह्य धरला नाहीं. तो त्या व्यक्तीला थेट नांवानें मिळालेला असावा लागतो. त्यामुळें जें टेबल लेखक स्वतः उघडून पाहूं शकतो, तेंच त्यानें लिहिलेल्या प्रोसीजरला 'अस्तित्वांत नाहीं' असें भासतें. १९९९ च्या आठ-आय आवृत्तीपासून चालविणाऱ्याच्या अधिकारानें चालणारी प्रोसीजर लिहिण्याचीही सोय झाली. मायएसक्यूएलमध्यें प्रोसीजर २००५ सालीं आल्या. तेथें लिहिणाऱ्याचें नांव प्रोसीजरवर कोरलेलें असतें. दफ्तर दुसऱ्या यंत्रावर नेलें आणि तेथें त्या नांवाचें खातेंच नसलें, कीं त्याच्या अधिकारानें चालणारी प्रोसीजर अडून बसते. धनी वारला कीं मुखत्यारपत्र निकामी व्हावें, तसाच हा प्रकार.

दुसरा वाद नांवाचा. मायक्रोसॉफ्टच्या एस. क्यू. एल. सर्व्हरमध्यें २००५ पूर्वीं स्कीमा आणि मालक एकच मानले जात. एकाच नांवाचीं दोन टेबलें, एक मुख्य मालकाचें आणि दुसरें सामान्य वापरणाऱ्याचें, शेजारीं शेजारीं नांदत. मालक नोकरी सोडून गेला तरी त्याच्या वस्तूंची व्यवस्था लावल्यावांचून त्याचें नांव यादींतून काढतां येत नसे. २००५ च्या आवृत्तीनें घर आणि घरमालक यांची फारकत केली: स्कीमा हें घर, मालक हा मनुष्य. त्याच आवृत्तीनें एक पडदाही घातला. ज्या वस्तूवर आपला कांहींच अधिकार नाहीं, ती सूचींत दिसेनाशी झाली.

या पडद्याचा परिणाम विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. सूची वाचून प्रत्येक टेबलासाठीं भर घालण्याच्या, बदलण्याच्या व खोडण्याच्या प्रोसीजर आपोआप लिहून देणारीं साधनें पुष्कळ आहेत. असें साधन अपुऱ्या अधिकाराच्या खात्यानें चालविलें, तर तें बिनतक्रार थोड्याच टेबलांचें काम करून थांबूं शकतें. बोलणारी चूक तेव्हांच सांपडते. मुकी चूक घर पोखरते. तेथें दिसण्यासाठीं व्याख्या पाहण्याचा अधिकार, निर्माण करण्यासाठीं डेटाबेसमधील प्रोसीजर-निर्मितीचा अधिकार आणि ठेवण्यासाठीं त्या स्कीमांत फेरफार करण्याचा अधिकार, असे तीन निराळे अधिकार लागतात. पुढें चालवितांना आणखी एक नियम आड येतो. टेबल व प्रोसीजर यांचा मालक एकच असेल तर टेबलापाशीं पुन्हां चौकशी होत नाहीं; मालक निराळे झाले, किंवा प्रोसीजरनें आपली आज्ञा ऐन वेळीं अक्षरें जुळवून तयार केली, कीं ही सांखळी तुटते आणि चालविणाऱ्याचा स्वतःचा अधिकार तपासला जातो.

या सर्व अडचणींवर एक सोपा उपाय अनेकांस सुचतो: सर्वाधिकार देऊन टाकावा! प्रोसीजर तत्काळ चालते. पण त्याबरोबर दफ्तराचे दरवाजेही सताड उघडे राहतात. पोस्टग्रेसमध्यें २००२ सालीं स्कीमा आले, तेव्हां 'पब्लिक' या स्कीमांत कोणालाही वस्तु निर्माण करण्याची मुभा होती. एखाद्यानें तेथें परिचित नांवाचें खोटें फंक्शन ठेवलें, तर अधिक अधिकाराचा मनुष्य नकळत तेंच चालवूं शकतो, ही गोष्ट २०१८ सालीं धोक्याची सूचना म्हणून जाहीर करावी लागली. आणि २०२२ च्या पंधराव्या आवृत्तींत नव्या डेटाबेसांपुरती ती मुभा काढून घेण्यांत आली. उदारपणें दिलेला अधिकार आवरावयास वीस वर्षें लागलीं.

सारांश, जेथें यंत्र अडतें तेथें रागावण्यापेक्षां क्रमानें चौकशी करणें हितावह ठरतें. वस्तूचें नांव स्कीमासह पूर्ण घेतलें आहे काय? चालविणारें खातें तेंच आहे काय? त्याला ती वस्तु दिसते काय? अधिकार थेट आहे कीं हुद्द्यामार्फत? टेबलाचा मालक आणि प्रोसीजरचा मालक एकच काय? या पांच प्रश्नांपुढें बहुतेक अडचणी हात टेकतात. नांव, मालकी आणि अधिकार या तीन गोष्टी एक नव्हत, एवढें ओळखावयास शास्त्रज्ञांना अनेक वर्षें वेंचावीं लागलीं. त्या श्रमाचें चीज, हवा तेवढाच अधिकार देण्यांत आणि दिलेला प्रत्येक अधिकार लिहून ठेवण्यांत आहे.